ते पत्र व्हेरोनाच्या बाहेर पडलंच नव्हतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण आमच्या सांगलीत झालेल्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’च्या मराठी प्रयोगावर लेख छापलात. त्यात मुलामुलींचं जे कौतुक आहे ते रास्त आहे. गुंगीचं औषध घेण्याआधी ज्युलिएट झालेली मुलगी हातातल्या बाटलीकडे बघत थांबली, तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईंनी पदर तोंडाला लावला होता. एवढ्या लहान वयात इतकं थांबता येणं सोपं नाही.

पण त्या लेखात ‘नियती’ हा शब्द सात वेळा आला आहे. मी पेन्सिलने खुणा करून मोजला. प्रयोगातही तेच. रोमिओ हद्दपार होऊन राहतो त्या मँटुआमधला प्रवेश संपला, रंगमंचावर अंधार झाला आणि निवेदकाचा आवाज आला, ‘पण नियतीच्या मनात काही वेगळंच होतं.’ दिवे लागले तेव्हा समोर थडग्याचं तळघर होतं.

मूळ नाटकात या दोन्हींच्या मध्ये एक प्रवेश आहे. पाचव्या अंकातला दुसरा, जेमतेम तीस ओळींचा. दोन पाद्री बोलतात, बाकी कोणी नाही. तो कापला होता. त्या कापलेल्या तीस ओळींसाठी हे पत्र लिहायला बसलो आहे.

मी पोस्टमन होतो. १९७५ साली लागलो आणि २०१३ साली निवृत्त झालो. देशातली तार कायमची बंद झाली तेच ते वर्ष. नोकरीत असताना शिवाजी विद्यापीठाची बी.ए.ची परीक्षा बाहेरून दिली, इंग्रजी विषय घेऊन. बटवडा आटोपून आलो की दुपारी जेवणानंतर शब्दकोश मांडीवर घेऊन हे नाटक वाचायचो. तेव्हापासून दर दोन-तीन वर्षांनी वाचतो. मंगेश पाडगावकरांचा मराठी अनुवादही कपाटात आहे. मी विद्वान नाही, पण या नाटकाचा सगळा शेवट एका न पोचलेल्या पत्रावर उभा आहे आणि न पोचलेल्या पत्रांबद्दल मला थोडं कळतं. व्हेरोनात या दोघांचं चोरून लग्न लावणारा पाद्री लॉरेन्स ज्युलिएटला गुंगीचं औषध देतो, म्हणजे ती मेल्यासारखी पडेल आणि घरच्यांनी ठरवलेलं दुसरं लग्न टळेल. हा बेत मँटुआतल्या रोमिओला कळवणारं ते पत्र.

आमच्याकडे पत्र परत आलं तर त्यावर कारण लिहावं लागायचं. घर बंद. मालक गावी गेले. पत्ता अपुरा. घेण्यास नकार. खाली तारीख आणि पोस्टमनची सही. कारण लिहिल्याशिवाय पत्र परत घेत नसत. ३८ वर्षांत अशा पत्रावर कोणी ‘नियती’ असा शेरा मारलेला मी पाहिला नाही.

नियतीची बाजू मला समजत नाही असं नाही. नाटक सुरू होण्याआधीच सूत्रधार चौदा ओळींत सांगून टाकतो की या दोघांचे ग्रह वाकडे आहेत. समीक्षकांचं बोट नेहमी तिथेच असतं. पण त्या चौदा ओळी सावकाश वाचाव्यात. ताऱ्यांचं नाव एकदा येतं. दोन घराण्यांचं जुनं वैर, आईबापांचं भांडण, आईबापांचा न शमणारा राग हे मात्र फिरून फिरून येतं. शिवाय १६२३ साली शेक्सपिअरची नाटकं एकत्र करून जो मोठा ग्रंथ छापला गेला, त्यात या चौदा ओळी नाहीतच. तिथे नाटक सुरू होतं ते थेट रस्त्यावरच्या नोकरांच्या कुरापतींनी आणि त्यातून पेटलेल्या मारामारीने.

नाटकात दैवाचं नाव कोण कधी घेतो तेही बघण्यासारखं आहे. ज्युलिएटच्या मामेभावाला, टायबॉल्टला, मारून झाल्यावर रोमिओ ओरडतो की मी दैवाच्या हातचं खेळणं झालो. तलवार एका क्षणापूर्वी त्यानेच उपसलेली असते. पत्र पोचलं नाही हे कळताच पाद्री लॉरेन्सच्या तोंडून पहिला शब्द निघतो तोही दुर्दैवाचाच. ज्याच्या हातून नुकतंच काही घडून गेलेलं असतं, तोच आधी आकाशाकडे बघतो.

आता त्या तीस ओळी. पाद्री जॉन येतो. लॉरेन्स त्याला विचारतो, रोमिओ काय म्हणाला, त्याचं पत्र आणलंस का? जॉन सांगतो की मी निघालोच नाही. सोबतीला म्हणून आपल्याच पंथातल्या एका अनवाणी बांधवाला शोधायला गेलो. तो याच शहरात आजाऱ्यांची विचारपूस करत होता. तेवढ्यात शहराचे तपासनीस आले. हे दोघे साथ असलेल्या घरात होते असा त्यांना संशय आला, त्यांनी दारं बंद करून शिक्के ठोकले आणि आम्हाला बाहेर सोडलं नाही. लॉरेन्स विचारतो, मग माझं पत्र रोमिओकडे नेलं कोणी? कोणी नाही. हे घ्या, परत आणलंय. तुमच्याकडे परत पाठवायलाही माणूस मिळेना, लोक इतके घाबरलेत.

याचा अर्थ पत्र व्हेरोनाच्या वेशीबाहेर पडलंच नव्हतं. व्हेरोनाहून मँटुआ चाळीस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आम्हाला कोल्हापूर लागतं त्याहूनही थोडं जवळ. घोड्यावर काही तासांची वाट. ज्या पत्रावर दोन जीव अवलंबून होते ते त्याच गावात, एका बंद घरात, एका माणसाच्या झग्यात पडून होतं.

साथ आली हा योगायोग, असं कोणी म्हणेल. हरकत नाही, तेवढा योगायोग मीही मानतो. शेक्सपिअरच्या प्रेक्षकांना ती साथ चांगली ओळखीची होती. १५९२ पासून दोनेक वर्षं लंडनमधली नाटकघरं प्लेगमुळे बहुतेक काळ बंद होती आणि हे नाटक त्यानंतर लवकरच आलं. १८९७ च्या पुण्यातल्या प्लेगच्या झडत्या आपल्याकडे शाळेतल्या पोरालाही माहीत असतात, त्यामुळे दारावर शिक्का ठोकणारे ते तपासनीस मराठी वाचकाला परके नाहीत. पण साथीने एक दार बंद केलं, एवढंच. बाकीची दारं माणसांनी आधीच लावून घेतलेली होती.

रोमिओला हद्दपार केलं त्या रात्री हाच लॉरेन्स त्याला वचन देतो की मँटुआत राहा, तुझ्या नोकराला मी शोधून काढीन आणि इथली प्रत्येक बरी बातमी तो वेळोवेळी तुला पोचवील. निरोपाची वाट ठरलेली होती. माणूस ठरलेला होता, बाल्थझार, रोमिओचा स्वतःचा नोकर, रस्ता माहीत असलेला, घर माहीत असलेला. मग ज्युलिएटचं औषधाचं ठरल्यावर लॉरेन्सने काय केलं? ती ठरलेली वाट सोडली आणि नवा माणूस निवडला. या पंथाचे लोक एकटे प्रवास करत नाहीत, जॉन आधी जोडीदार शोधत बसणार, हे लॉरेन्सइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? पत्र किती निकडीचं आहे हे त्याने जॉनला सांगितलं होतं असं कुठेच दिसत नाही. उलट जॉन पत्र परत घेऊन आल्यावर तो सांगतो की ते पत्र साधंसुधं नव्हतं, फार महत्त्वाचं होतं. हे पत्र देताना सांगायचं असतं. मी नवा होतो तेव्हा आमचे जुने पोस्टमन तारेचं पाकीट हातात देताना नेहमी म्हणायचे, ‘आधी ही, मग बाकीचं.’ एवढे चार शब्द.

आणि दुसरं पत्र नाही. ज्युलिएटच्या बापाने लग्न गुरुवारचं बुधवारवर आणलं, म्हणजे सगळं एक दिवस अलीकडे आलं. औषधाचा अंमल ४२ तासांचा, तो तर बदलत नाही. बुधवारी सकाळी लॉरेन्स स्वतः त्या घरी हजर आहे, मुलगी ‘मेलेली’ सापडल्यावर तोच रडणाऱ्यांना समजावतो, तोच अंत्यविधीची घाई करतो. बेत पुढे सरकलाय हे त्याला डोळ्यांनी दिसतंय. पहिलं पत्र पोचलं का, याची चौकशी तो करत नाही. रोमिओला पुन्हा लिहितो असं तो म्हणतो ते गुरुवारी रात्री, जॉन परत आल्यावर.

इकडे बाल्थझारने अंत्ययात्रा पाहिली आणि तो टपालाच्या घोड्यावर बसून सरळ मँटुआला पोचला. खोटी बातमी टपालाने वेळेवर पोचली आणि खरी घरात कोंडलेली राहिली. हे वाचलं की मला अजून पोटात तुटतं.

पण माझ्या दृष्टीने नाटकाचं खरं वळण यापुढेच आहे आणि प्रयोगात मुलांनी ते ठेवलं होतं, फक्त घाईने बोलून टाकलं. बाल्थझार दिसताच रोमिओ विचारतो, पाद्रीबाबांचं पत्र आणलंस का? ज्युलिएट गेल्याचं कळल्यावर तो ताऱ्यांना आव्हान देतो, शाई-कागद आण, टपालाचे घोडे भाड्याने घे म्हणतो. बाल्थझार हात जोडून विनवतो, मालक, जरा धीर धरा, तुमचा चेहरा पांढराफटक पडलाय. मग रोमिओ पुन्हा विचारतो, पाद्रीबाबांचं काहीच पत्र नाही? नाही, मालक. असू दे, जा, घोडे ठरव.

दोनदा विचारलं. म्हणजे पत्र यायचं होतं हे त्याला पक्कं माहीत होतं. ते आलेलं नाही हेही कळलं. आणि तो म्हणाला, असू दे. ‘थांबतो’ असं तो म्हणू शकला असता. ताऱ्यांना आव्हान देणारं वाक्य सगळे पाठ म्हणतात, परीक्षेसाठी मीही पाठ केलं होतं. माझ्या मनात राहिलं आहे ते ‘असू दे’. त्या दोन शब्दांच्या आधी दोघंही जिवंत आहेत आणि वाचू शकतात.

आणखी एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. ही कथा शेक्सपिअरची स्वतःची नाही. त्याच्याआधी लुइजी दा पोर्तो या इटालियन लेखकाने १५३० च्या सुमारास ती सांगितली. तिथेही पत्र पोचत नाही, पण कारण वेगळं आहे. पत्र घेऊन गेलेला पाद्री दोन-तीन वेळा रोमिओच्या घरी जातो, रोमिओ घरात सापडत नाही आणि दुसऱ्या कोणाच्याही हातात पत्र द्यायचं नाही म्हणून तो ते स्वतःजवळच ठेवतो. पुढे १५६२ साली आर्थर ब्रुक या इंग्रज कवीने याच कथेवर लांबलचक काव्य लिहिलं. शेक्सपिअरने नाटक बेतलं ते त्यावरून. ब्रुकच्या काव्यात पाद्री मँटुआला पोचतो आणि तिथल्या मठात साथीमुळे अडकतो. ब्रुकची कथा काही महिने चालते, शेक्सपिअरने ती रविवार ते गुरुवार एवढ्या पाच दिवसांत कोंबली. ब्रुकची ज्युलिएट सोळा वर्षांची, शेक्सपिअरची चौदाचीही पुरती नाही. आणि पत्र त्याने मँटुआहून मागे ओढून व्हेरोनातच अडकवलं.

म्हणजे पत्र का पोचलं नाही याचा प्रत्येकाने आपापला शोध घेतला आहे. नियती एवढ्याने भागलं असतं तर त्यांना कारण बदलत बसायची गरज काय होती? कारण काय, कुठे अडलं, कोणाच्या हातात अडलं, हे सांगितल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही हे त्या तिघांनाही कळलं होतं. आपल्या मुलांनी मात्र नेमकं तेच कापलं.

आता योगायोगाचं. २००५ साली कृष्णेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा आमच्या टपालाच्या थैल्या भिजल्या. तो पाऊस कोणाच्या हातातला नव्हता. पुढचे चार दिवस आम्ही पत्रं जमिनीवर पसरून, दोऱ्यांवर टाकून वाळवली. पत्त्याची शाई पसरली होती तिथे एकमेकांना बोलावून अक्षर ओळखलं. आठ-दहा दिवस उशिरा का होईना, ती वाटली. एका आजीला मुलाची मनीऑर्डर उशिरा मिळाली म्हणून मी माफी मागितली तर त्या म्हणाल्या, ‘पाण्याचं काय तू करणार बाबा, आणलीस ना?’ पाण्याचं मी काही करू शकत नव्हतो. आणणं माझं होतं. पाणी आणि आणणं या दोन गोष्टींत जी रेघ आहे, ती लेखातल्या ‘नियती’ या शब्दाने पुसली जाते. मला खटकलं ते हे.

आणि ती रेघ मी स्वतः एकदा पुसली आहे, म्हणून इतकं लिहितो आहे.

१९८१ साली मी एका तालुक्याच्या गावी बीटवर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. माझ्या बीटवरच्या एका घरात डी.एड. झालेली, नोकरीची वाट बघणारी एक मुलगी होती. तिच्या नावाने दर पंधरवड्याला मुंबईहून निळं इनलँड पत्र यायचं. अक्षर एकच, टपोरं. त्या घराच्या ओट्यावर मी रोज पाणी प्यायचो, कधी चहाही. एक दिवस तिचे वडील तांब्या पुढे करत म्हणाले, ‘हे बघा, तुम्ही घरच्यासारखे. तिच्या नावाचं काही आलं तर माझ्याच हातात देत जा. मुलगी आहे, तिच्या भल्याचंच बघतोय.’ त्यांच्या बोलण्यात दमदाटी नव्हती, उलट अजीजी होती. मी मान हलवली.

साधं पत्र पत्त्यावरच्या घरात दिलं की बटवडा झाला, असा हिशेब मी मनाशी मांडला. सहा इनलँड त्यांच्या हातात दिली. ती बहुतेक वेळा माजघराच्या दारात उभी असायची आणि माझ्या पिशवीकडे बघायची. मी तिच्याकडे बघायचो नाही.

सातवं रजिस्टर आलं, पोचपावती जोडलेलं. रजिस्टर ज्याचं त्याला द्यायचं, दुसऱ्याला द्यायचं तर मालकाचं लेखी अधिकारपत्र लागायचं, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यापासून पाठ होतं. त्या दिवशी ती दारात नव्हती. वडिलांनी माझ्याकडून पेन घेतलं आणि पावतीवर तिच्या नावाची सही केली. मी समोर उभा होतो. ‘ताईंना बोलवा’ एवढं म्हणायला किती वेळ लागला असता? मी पावती घेतली आणि ऑफिसात जमा केली. ती शिक्का होऊन मुंबईला परत गेली.

लॉरेन्सकडे पोचपावती नव्हती. त्या मुंबईच्या मुलाला पोचपावती मिळाली, तिच्या नावाच्या सहीची. तिने पत्र घेतलं, वाचलं आणि उत्तर देणं नको म्हणाली, असंच त्याने धरलं असणार. त्यानंतर त्या अक्षरातलं पत्र आलं नाही. दा पोर्तोचा तो पाद्री, ज्याच्या त्याच्या हातातच पत्र द्यायचं म्हणून दारातून दोन-तीनदा परत फिरणारा, त्याच्याबद्दल वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती. त्याच्या हट्टाने दोन जीव गेले आणि तरीही माझ्या नोकरीच्या नियमाने बरोबर तोच होता. यातून काय काढायचं ते मला आजही नीट ठरवता येत नाही.

त्या वैशाखात तिचं लग्न झालं. मांडवात लोक म्हणत होते, योग असतो, गाठी वर बांधलेल्या असतात. अक्षता टाकून मी जेवून आलो.

पंधरा वर्षांनी एका एसटी स्टँडवर तिने मला ओळखलं. सोबत तिचा मुलगा होता, त्याला तिने वहीचे पैसे देऊन दुकानाकडे पाठवलं. मग विचारलं, ‘दादा, त्या वर्षी माझ्या नावाची मुंबईहून पत्रं यायची का हो?’

मी म्हणालो, ‘नाही हो ताई, लक्षात नाही. किती पत्रं असतात.’

‘नसतीलच आली,’ ती म्हणाली. ‘नशीब एकेकाचं.’

तिची गाडी लागली. मी पिशवी चढवायला मदत केली.

तिचं आयुष्य चांगलं गेलं की वाईट, मला माहीत नाही. तो मला अधिकारही नाही. इथे कोणी विष घेतलं नाही, कोणी मेलं नाही. पण ‘नशीब’ हा शब्द तिच्या तोंडात मी घातला. तिथे दुसरा शब्द असायला हवा होता आणि तो माझ्याजवळ होता.

म्हणून लॉरेन्सवर मी इतका रागावलो तरी नाटकाच्या शेवटी त्याच्यापुढे मान खाली जाते. थडग्यातून तो पळून जातो खरा, पहारेकऱ्यांची चाहूल लागताच त्या पोरीला एकटी टाकून जातो. पण पकडून आणल्यावर राजापुढे, दोन्ही घराण्यांपुढे, तो सगळं सांगतो. लग्न मी लावलं, औषध मी दिलं, पत्र मी पाठवलं, ते काल रात्री परत आलं. आणि म्हणतो, यात काही माझ्या चुकीने बिघडलं असेल तर कायद्याने माझा हा म्हातारा जीव घ्या. थोड्या वेळापूर्वीच, थडग्यात, त्याने ज्युलिएटला सांगितलेलं असतं की आपल्याहून मोठ्या शक्तीने आपला बेत मोडला. लोकांपुढे उभं राहिल्यावर तो त्या शक्तीची ढाल करत नाही, ‘माझ्या चुकीने’ म्हणतो. दैवाकडून स्वतःकडे येण्याची ही जी वाट हा म्हातारा चालून येतो, ती मला या नाटकातली सर्वांत मोठी गोष्ट वाटते, गच्चीवरच्या चांदण्याहूनही मोठी.

हे भाषण सांगलीच्या प्रयोगात होतं. लॉरेन्स झालेल्या मुलाने ते छान म्हटलं. पण तो तीस ओळींचा प्रवेश नसल्यामुळे हा कोणत्या चुकीबद्दल बोलतोय ते समोरच्या माणसाला कळायचं कसं? त्याने पत्र पाहिलंच नव्हतं. त्याला निवेदकाने आधीच सांगून ठेवलं होतं की हे सगळं नियतीने केलं. मग तो भला माणूस उगाच स्वतःला बोल लावून घेतोय, एवढंच वाटणार. माझ्या शेजारच्या बाई तसंच म्हणाल्या, ‘बिचारा, त्याचा काय दोष!’

लेखात म्हटलंय की पुढच्या महिन्यात हाच प्रयोग कोल्हापूरला होणार आहे. माझी त्या मुलांना विनंती आहे की निवेदकाचं ते वाक्य काढा आणि तो प्रवेश परत घ्या. त्याला नेपथ्य लागत नाही, दोन माणसं लागतात आणि दोन मिनिटं. जॉनने पत्र झग्यातून काढून लॉरेन्सच्या हातात ठेवावं, मोहोर न फोडलेलं. लॉरेन्सने ते हातात धरून थोडं उभं राहावं, जसं त्या मुलीने बाटली धरून ठेवली होती तसं. प्रेक्षकांना ते पत्र दिसू द्या. वाटल्यास मी तालमीला येतो. परत आलेलं पत्र माणूस कसं हातात घेतो ते मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे.

संपादक महोदय, पत्र लांबलं आहे याची मला जाणीव आहे. जागा नसेल तर दा पोर्तो काढा, पूर काढा, माझी बी.ए. काढा. शेवटच्या चार ओळी तेवढ्या ठेवा, त्या एकाच व्यक्तीसाठी आहेत आणि तिच्या घरी आपलं वर्तमानपत्र येत असेल या आशेवर आहेत.

ताई, तुम्ही स्टँडवर विचारलं होतं. मी खोटं बोललो. पत्रं येत होती. सहा साधी आणि एक रजिस्टर, सगळी मुंबईहून, एकाच अक्षरात. रजिस्टरवरची सही तुमची नव्हती आणि हे मला माहीत होतं.

आपला,
एक निवृत्त पोस्टमन
गावभाग, सांगली